पट्टा तुटण्याची वाट पाहू नका

हॉटेल, खानावळ, मेस किंवा मंगल कार्यालय चालवणाऱ्या सगळ्यांना एक कळकळीची विनंती आहे. गच्चीवर किंवा मागच्या भिंतीला बसवलेला तुमचा मोठा एक्झॉस्ट पंखा या आठवड्यात एकदा स्वतः जाऊन पाहा. बहुतेक ठिकाणी त्याची आठवण होते ती पट्टा तुटल्यावर, म्हणजे सगळ्या भट्ट्या पेटलेल्या आणि बाहेर पंगत बसलेली असताना. मग आचारी धुरात उभे राहतात, मिरचीच्या फोडणीचा ठसका गिऱ्हाइकांपर्यंत जातो, कुणीतरी बाजारात धावतो आणि मिळेल तो पट्टा आणून चढवतो. पंखा फिरू लागतो आणि पट्टा का तुटला हे विचारायचे राहून जाते. पुढच्या दोन-तीन महिन्यांत तोच प्रसंग पुन्हा येतो. नीट बसवलेला, योग्य ताणाचा पट्टा इतक्या लवकर जात नाही. तो वारंवार तुटत असेल तर दोष दुसरीकडे आहे.

थेट मोटरवर पाती बसवलेला पंखा स्वस्त पडतो, तरी मोठ्या स्वयंपाकघराला पट्ट्याचा पंखा घेतात, कारण त्याची मोटर हवेच्या वाटेबाहेर राहते. तेलाची वाफ, काजळी आणि उष्णता तिच्यापर्यंत पोचत नाही. मोटर जळाली तर अख्खा पंखा न उतरवता ती बदलता येते. शिवाय पुलीचा आकार बदलून वेग कमी-जास्त करता येतो. मोटर मिनिटाला 1440 फेरे घेत असेल, तिच्यावर 4 इंची पुली असेल आणि पंख्यावर 8 इंची, तर पंखा 720 फेरे घेतो. हाच सोपा हिशेब पुष्कळांना मोहात पाडतो. धूर खेचला जात नाही अशी तक्रार केली की मोटरची पुली 5 इंची करा, असा सल्ला हमखास मिळतो. तसे केले की पंखा 900 फेऱ्यांवर जातो, हवा सव्वापट होते, पण मोटरवरचा भार जवळजवळ दुप्पट होतो. भार वेगाच्या घनाने वाढतो. मोटर तेवढ्या ताकदीची नसेल तर ती जळणारच. म्हणून पुलीला हात लावण्याआधी हूडमधल्या जाळ्या काढून पाहा. बहुतेक वेळा धूर तिथेच अडलेला असतो.

इथे एक गोष्ट फसवते. मोटर किती अँपिअर घेते हे वायरमन टाँग टेस्टर लावून पाहतो आणि आकडा कमी दिसला की सगळे निर्धास्त होतात. ब्लोअर पद्धतीच्या पंख्यात जाळ्या तुंबल्या किंवा पट्टा घसरू लागला की अँपिअर उलट कमी होतात, कारण पंखा हवाच कमी ओढत असतो. पंखा नवा आणि सगळे स्वच्छ असताना किती अँपिअर होते ते मोटरजवळ रंगाने लिहून ठेवा. पुढे त्या आकड्याशीच तुलना करायची.

नवा पंखा बसवून घेणार असाल, तर फिटर निघून जाण्याआधी फिरण्याची दिशा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. थ्री-फेज मोटरच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की ती उलटी फिरते. ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर पडते, फक्त फार कमी पडते. म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही आणि पंखाच लहान घेतला असा समज होतो. पंख्याच्या अंगावर बाण काढलेला असतो. क्षणभर चालू करून बंद करा आणि थांबत येताना पाते कुठल्या बाजूला फिरते ते त्या बाणाशी ताडून पाहा. वीजजोडणी दुरुस्त करून झाल्यावर, नवा मीटर बसल्यावरही हे पाहायचे.

दुसरे, बाहेर जाणाऱ्या हवेइतकी हवा आत येण्याची सोय हवी. पंखा चालू असताना स्वयंपाकघराचे दार ओढून उघडावे लागत असेल, गॅसच्या ज्योती एका बाजूला झुकत असतील, तर खोली हवेसाठी उपाशी आहे. अशा वेळी मोठा पंखा लावून उपयोग होत नाही. कोळशाचा तंदूर असेल तर धोका अधिक आहे, कारण त्याचा धूर धुराड्यातून परत खोलीत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेऊ शकतो. आधी ताज्या हवेची खिडकी किंवा डक्ट करून घ्या.

आता पट्टा. त्याच्या पाठीवर बी-52 असे काहीतरी छापलेले असते. बी म्हणजे पट्ट्याची जाडी-रुंदी, 52 म्हणजे आतल्या बाजूची लांबी इंचांत. बी ऐवजी ए पट्टा चढवला तर तो खाचेत खोल बसतो आणि घसरतो. व्ही-पट्टा खाचेच्या दोन्ही बाजूंना घट्ट धरून काम करतो, त्याने तळाला टेकायचे नसते. पुलीच्या खाचेचा तळ चकचकीत दिसत असेल तर पट्टा तळाला घासतो आहे. खाच झिजलेली असेल तर पुली बदला. झिजलेल्या पुलीवर नवे पट्टे घालत राहणे म्हणजे पैसे जाळणे. एकाच पुलीवर दोन-तीन पट्टे असतील तर सगळे एकदम, एकाच मापाचे बदला. जुन्या-नव्याची जोडी केली की सगळा भार नव्यावर येतो आणि तोच आधी जातो.

पट्टा चढवताना तो स्क्रू ड्रायव्हरने पुलीवरून ओढून बसवू नये. आतले धागे तुटतात; बाहेरून काही दिसत नाही आणि पट्टा अकाली जातो. मोटरचे बोल्ट सैल करा, मोटर पंख्याकडे सरकवा, पट्टा हाताने अलगद घाला, मग मोटर मागे ओढून ताण द्या. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का हे पाहायला ओळंब्याची दोरी पुरते. एकाच रुंदीच्या पुल्या असतील तर ताणलेली दोरी दोघींच्या कडांना चारही ठिकाणी टेकली पाहिजे. ताणाचा हिशेबही सोपा आहे. दोन पुल्यांमधला पट्ट्याचा मोकळा भाग 64 सेंटीमीटर असेल, तर मध्यावर बेताने दाबल्यावर तो सुमारे 1 सेंटीमीटर दबावा. सैल पट्टा सुरू होताना किंचाळतो, तापतो, कडेने चकाकू लागतो. फार ताणलेला आवाज करत नाही, पण बेअरिंग खातो, आणि बेअरिंगचा खर्च पट्ट्याच्या कितीतरी पट आहे. नवा पट्टा पहिल्या एक-दोन दिवसांत थोडा सैल पडतोच. तेव्हा पुन्हा ताण द्यायला फिटरला बोलवा आणि हे काम पहिल्याच व्यवहारात ठरवून घ्या.

पिठाच्या गिरणीत सपाट पट्ट्याला राळ लावण्याची जुनी रीत होती, म्हणून काही जण इथेही राळ, साबण किंवा स्प्रे मारतात. व्ही-पट्ट्याला यातले काहीच लावू नये. आवाज दोन दिवस थांबतो आणि खरा दोष झाकला जातो.

बेअरिंगला ग्रीस लागते, पण थोडे. ठासून भरले तर सील फुटते आणि बेअरिंग तापते. दोन वेगळ्या जातींचे ग्रीस मिसळू नये. कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेने बोल्ट आणि मोटरची बैठक गंजते आणि ऐन वेळी मोटर सरकतच नाही. तिथे दर पावसाळ्याआधी ते बोल्ट सोडवून ग्रीस लावून परत आवळा. मोटरवर पत्र्याचे छप्पर हवे, मात्र तिची हवा कोंडता कामा नये.

जाळ्या रोज रात्री गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्यात बुडवून धुवायला लावा आणि त्यांची धार उभी राहील अशाच बसवा, म्हणजे तेल खालच्या पन्हळीत उतरते. जाळी काढून भट्टी चालवणे तर अजिबात नको. जाळीतून निसटलेले तेल डक्टच्या आत थर धरते. कढईतला भडका वर गेला की तोच थर पेटतो, आणि डक्ट ज्या-ज्या मजल्यावरून जातो तिथे आग पोचते. डक्टला साफसफाईची दारे ठेवलेली नसतील तर करून घ्या. पंखा आणि डक्ट यांच्यामध्ये साधे कॅनव्हास लावलेले असेल तर तेही बदला, ते तेल पिऊन वातीसारखे होते. पात्यांवर एका बाजूला चिकटा जमला की पंखा थरथरतो, आणि ती थरथर बेअरिंगपर्यंत जाते. फाउंडेशनचे रबर बदलून ती जात नाही, पाती खरवडावी लागतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, पट्ट्यावरचे संरक्षक कव्हर. सतत काढावे लागते म्हणून ते कोपऱ्यात टाकून दिलेले असते. कारखाना अधिनियम 1948 च्या कलम 21 मध्ये फिरत्या यंत्रभागांना कुंपण घालणे बंधनकारक केले होते. तुमचे स्वयंपाकघर त्या कायद्यात बसो वा न बसो, पट्टा आणि पुलीमध्ये सापडलेले बोट दोन्हीकडे सारखेच तुटते. सैल बाही, उपरणे, गळ्यातली माळ, ओढणी घेऊन कुणी तिथे जाऊ नये. काम सुरू करण्याआधी पंख्याजवळचा आयसोलेटर बंद करून कुलूप लावा, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात द्या. खालच्या मजल्यावरचे बटण बंद केले एवढ्यावर भागत नाही; धूर झाला म्हणून खालचा पोऱ्या ते परत दाबतो. बटण बंद झाल्यावरही पाते बराच वेळ फिरते आणि गच्चीवरच्या वाऱ्यानेही हलते, म्हणून ते पूर्ण थांबल्यावर लाकडाचा ठोकळा घालून अडवा.

या कामाला फिटरला दुपारचे जेवण उरकल्यानंतरचा निवांत वेळ द्या. चालू भट्टीवर, धुरात, पाच मिनिटांत करून टाक असे त्याला सांगू नका. भट्ट्या विझवायचा हुकूम मालकानेच द्यावा लागतो. आचाऱ्याला तो अधिकार नसतो आणि फिटरला तसे म्हणायचा धीर होत नाही.