खोटा आकडा, खरे ऊन

३० मे २०२४ हा नवतपाचा, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतला, सहावा दिवस होता. नागपुरात रामदासपेठेच्या भागात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या मोकळ्या शेतजमिनीवर हवामान खात्याचे स्वयंचलित केंद्र आहे. त्या केंद्राने त्या दिवशी ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले. सोनेगावच्या स्वयंचलित केंद्राने ५४ दाखवले. वर्धा मार्गाकडच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील आणि रामटेकच्या केंद्रांची नोंद मात्र ४४ च्या आसपास होती. यातला ५६ चा आकडा तेवढा देशभर फिरला. संवेदकात बिघाड होता, ही नोंद ग्राह्य नाही, असे हवामान खात्याने सांगितले तेव्हा वाद मिटायला हवा होता. तो तिथूनच पेटला.

एक पक्ष म्हणाला, सरकार खरे तापमान दडपते आहे. दुसरा म्हणाला, पाहा, उन्हाचा सगळा बागुलबुवाच खोटा निघाला. विदर्भाला ऊन काय नवे आहे? हे दोन पक्ष एकमेकांना पाण्यात पाहतात, पण एका बिघडलेल्या यंत्रावर दोघांनीही आपापला निकाल उभा केला आहे. माझे म्हणणे असे की नागपूरचे ऊन जीवघेणे आहे आणि ते सिद्ध करायला ५६ ची गरज नाही. उलट खोट्या आकड्याने सर्वांत जास्त नुकसान होते ते उन्हात राबणाऱ्या माणसाचे. म्हणून दोन्ही पक्षांचे खंडन आधी करतो आणि मग काय धरून ठेवायचे ते मांडतो.

पहिल्या पक्षाचा युक्तिवाद त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडू. तो म्हणतो, आमच्या गाडीत ४९, ५० दिसते, अंगाची लाही होते, आणि सरकारी आकडा ४४, ४५ च्या पुढे सरकत नाही. तापमान ५० च्या वर गेले तर कामे बंद करावी लागतील, सुट्टी द्यावी लागेल, म्हणून आकडा खाली ठेवतात.

आता हा दावा तपासू. तापमान ५० झाले की काम बंद, असा कोणताही सर्वसाधारण कायदा आपल्या देशात नाही, त्यामुळे दडपण्याचे जे कारण सांगितले जाते तेच मुळात अस्तित्वात नाही. शिवाय ज्या खात्यावर दडपल्याचा आरोप आहे त्याच खात्याने राजस्थानातील फलोदीचे १९ मे २०१६ चे ५१ अंश जाहीर केले आणि देशातला उच्चांक म्हणून नोंदवून ठेवले. चंद्रपूरचे २ जून २००७ चे ४९ अंश आणि नागपूरचे २३ मे २०१३ चे ४७.९ अंशही त्याच दप्तरात आहेत. ५६ चा आकडाही कोणी गुप्त कपाटातून बाहेर काढलेला नव्हता. तो खात्याच्याच केंद्राने दाखवला होता. ज्याला लपवायचे असते तो आधी स्वतःच प्रसिद्ध करत नाही.

दुसरी कसोटी निसर्गाची. पृथ्वीवरचा मान्य उच्चांक ५६.७ अंशांचा आहे, तो अमेरिकेतील डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी नोंदला गेला. रामदासपेठेत ५६ असतील तर नागपूर त्या वाळवंटाच्या पंक्तीला बसले असे म्हणावे लागेल, आणि तेही त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला ४४ असताना. सपाट प्रदेशात भर दुपारी वर-खाली घुसळणारी हवा काही किलोमीटरच्या अंतरात बारा अंशांचा फरक टिकू देत नाही. जमीन आणि डांबर यांच्यात तेवढा फरक सहज असतो, हवेत नसतो.

गाडीतल्या आकड्याचे उत्तरही इथेच आहे. गाडीचा संवेदक पुढच्या भागात, तापलेल्या रस्त्याच्या जवळ बसवलेला असतो. वेधशाळेत तापमापक ठेवतात तो पांढऱ्या रंगाच्या, झरोक्यांच्या स्टीव्हन्सन पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, थेट ऊन लागणार नाही अशा बेताने. जगभर हीच रीत आहे, म्हणून नागपूरची तुलना फलोदीशी करता येते आणि २०२४ ची १९५४ शी. रीत सोडली की आकड्याला अर्थ उरत नाही.

पण या पक्षाच्या तक्रारीत एक गोष्ट शंभर टक्के खरी आहे. वेधशाळेचा आकडा सावलीतल्या हवेचा असतो, आणि सेंट्रल अव्हेन्यूवर हातगाडी ओढणारा माणूस सावलीत नसतो. त्याच्या डोक्यावर थेट ऊन असते, पायाखाली साठ अंशांच्या पुढे तापलेले डांबर असते, आणि दोन्हीकडून उष्णता त्याच्या अंगात शिरते. त्याला जाणवते ते खोटे नाही. ती वेगळी राशी आहे आणि ती मोजायची पद्धतही आहे. काळ्या गोळ्यातला तापमापक, ओल्या फडक्यातला तापमापक आणि साधा तापमापक यांच्या नोंदी एकत्र करून उष्माभाराचा निर्देशांक काढतात. १९५० च्या दशकात अमेरिकी लष्कराने आपल्या जवानांसाठी तो बसवला. यात ओल्या तापमापकाला सत्तर टक्के वजन आहे, काळ्या गोळ्याला वीस आणि साध्या हवेच्या तापमानाला फक्त दहा. म्हणजे ज्या आकड्यावर आपण भांडतो त्याचा वाटा श्रम करणाऱ्याच्या धोक्यात सर्वांत कमी आहे.

आता दुसरा पक्ष. तो म्हणतो, १९५४ मध्येही नागपुरात ४७.८ होते, मग बदलले काय? आमचे आजोबा खिशात कांदा ठेवून, डोक्याला दुपट्टा बांधून, पन्हे पिऊन उन्हाळे काढत होते. पहिली गोष्ट, उच्चांक ही एका दुपारची घटना असते. हवामान बदलले की नाही ते उच्चांकावरून ठरत नाही, दशकानुदशकांच्या सरासरीवरून ठरते. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढले. सरासरी थोडी सरकली तरी टोकाचे दिवस बरेच वाढतात आणि रात्री निवत नाहीत. दिवसभर तापलेल्या शरीराला सावरायला रात्र लागते. पत्र्याच्या छपराखाली झोपणाऱ्याला ती मिळत नाही.

दुपट्टा आणि पन्हे यांच्यामागे खरे शहाणपण आहे: डोके झाका, पाणी आणि मीठ पोटात जाऊ द्या. कांदा खिशात ठेवल्याने मात्र शरीराचे तापमान उतरत नाही. त्याच्या भरवशावर कोणी पाण्याविना बाहेर पडला तर तो विश्वास घातक ठरतो. आणि आजोबांच्या काळातही माणसे उन्हाने दगावत होतीच, त्यांचे मरण उन्हाच्या नावे लिहिले जात नव्हते.

या पक्षाला सर्वांत कठोर उत्तर खारघरने दिले आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी तिथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात, उघड्या मैदानावर झाला आणि उष्माघाताने १४ माणसे गेली. त्या दिवशी परिसरातले तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. नागपूरकर ज्याला उन्हाळ्याची सुरुवात म्हणेल असा हा आकडा. पण हवेत समुद्राचा दमटपणा होता, घाम सुकत नव्हता, आणि माणसे तासन् तास बसून होती. घाम सुकला तरच शरीर थंड होते. तो सुकेनासा झाला की आतले तापमान चढत जाते, ते चाळीस अंशांच्या पुढे गेले की मेंदू गोंधळतो, आणि लगेच थंड पाण्याने शरीर निववले नाही तर माणूस हाती लागत नाही. मे महिन्याच्या कोरड्या हवेत नागपूरचा वाळ्याचा कूलर छान चालतो आणि जूनच्या उकाड्यात तोच कूलर नुसती दमट हवा फेकतो, याचे कारण तेच. ३८ अंशांनी १४ जीव घेतले असतील, तर ५६ खोटे ठरल्याने कोणी निश्चिंत का व्हावे?

एक तिसरा दावाही नागपुरात जोरात आहे: सिमेंट रस्त्यांनी शहर तापवले. यात खरे-खोटे मिसळले आहे. नवे सिमेंट काँक्रीट डांबरापेक्षा फिकट असते आणि जास्त ऊन परतवते, म्हणून रंगाचा दोष त्याच्यावर लादता येत नाही. दोष आहे तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काँक्रीट ओतण्याचा. त्यामुळे पाणी मुरायला माती उरत नाही आणि झाडांच्या बुंध्यांचा गळा आवळला जातो. अजनीतली झाडे तोडली जाऊ नयेत म्हणून २०२१ च्या सुमारास नागपूरकर उभे राहिले, ते योग्यच होते. त्यांचा मुद्दा सावलीचा आणि पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनाचा आहे. तो भक्कम आहे, त्याला अतिशयोक्तीचा टेकू लागत नाही.

आता मंडन. मोजमाप जपले पाहिजे, कारण गरिबाचा हक्क मोजमापावर उभा असतो. तराजूत खोट सापडली तर दुरुस्त करायची असते, तराजू फेकायचा नसतो. सेवा या स्त्री-कामगारांच्या संघटनेने उष्म्याचा विमा सुरू केला आहे. ठरलेल्या मर्यादेपलीकडे तापमान गेले की कोणताही पंचनामा न होता स्त्रियांच्या खात्यात पैसे जमा होतात. २०२४ मध्ये गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या सुमारे ५० हजार स्त्रिया या योजनेत होत्या. विमा कंपनी पैसे देते ते केवळ तापमानाच्या नोंदीवर विश्वास आहे म्हणून. ज्या दिवशी सगळ्या नोंदी संशयास्पद ठरतील त्या दिवशी हा विमा बुडेल, आणि कोर्टात कामाच्या वेळा बदलून मागणाऱ्या मजुराच्या वकिलाकडेही पुरावा उरणार नाही.

विज्ञान चुकते हे खरे, पण स्वतःची चूक शोधून काढते हेही खरे. लिबियातील अल अझिझियाचे १३ सप्टेंबर १९२२ चे ५८ अंश जगाचा उच्चांक म्हणून नव्वद वर्षे पाठ्यपुस्तकांत होते. जागतिक हवामान संघटनेच्या समितीने जुने दप्तर उघडले. अननुभवी निरीक्षकाने तापमापकातल्या खुणेचे चुकीचे टोक वाचले असावे, असा तिचा निष्कर्ष निघाला, आणि २०१२ मध्ये तो उच्चांक रद्द झाला. दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने २९ मे २०२४ रोजी ५२.९ दाखवले, तेव्हाही हवामान खात्याने प्रमाण उपकरण शेजारी ठेवून तुलना केली आणि संवेदक सुमारे तीन अंश जास्त दाखवतो असे सांगितले. विश्वास अशाच कामाने कमावला जातो.

म्हणून खात्याकडेही मागणे आहे. आकडा मागे घेतला एवढे सांगून भागत नाही. कोणत्या उपकरणात काय बिघडले, शेवटची तपासणी केव्हा झाली, शेजारच्या केंद्राशी तुलना काय सांगते, हे मराठीत, त्याच दिवशी, सर्वांना दिसेल असे मांडले पाहिजे. आणि संशयास्पद नोंद लोकांपुढे जाण्याआधी थांबवणारी चाळणी स्वयंचलित केंद्रांना हवी. अफवेला जागा मिळते ती मौनामुळे.

नागपूरला या कामासाठी बाहेर पाहायची गरज नाही. सोनेगावला प्रादेशिक हवामान केंद्र आहे. १९५८ पासून नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था इथे आहे. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र इथे आहे, मेडिकल आणि मेयो ही रुग्णालये इथे आहेत. महापालिकेचा उष्माघात प्रतिबंधक आराखडा २०१६ पासून आहे. दुपारी सिग्नल बंद ठेवणे, चौकात हिरवी जाळी बांधणे, बागा उघड्या ठेवणे ही पावले चांगली आहेत. पण दोन मोठी कामे बाकी आहेत. एक, हवेच्या तापमानासोबत उष्माभाराचा निर्देशांक रोज जाहीर करावा आणि बांधकाम, सफाई, माल वाहतूक यांच्या कामाच्या वेळा त्यावर बांधाव्यात.

दुसरे काम मृत्यू मोजण्याचे. उन्हाने गेलेल्या बहुतेकांच्या कागदावर हृदयविकार किंवा मूत्रपिंड निकामी असे लिहिले जाते. अहमदाबादने यावर मार्ग काढला. मे २०१० च्या लाटेत शहरातले एकूण मृत्यू आधीच्या वर्षांशी ताडून पाहिले, तेव्हा सुमारे १३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. त्या आकड्याने प्रशासन हलले आणि २०१३ मध्ये तिथे दक्षिण आशियातला पहिला उष्मा कृती आराखडा आला. अहमदाबादला जाग आली ती नोंदवहीतल्या खऱ्या संख्येने, कोणाच्या मोबाइलवरच्या भयंकर आकड्याने नव्हे. जन्म-मृत्यू नोंदणीचे दप्तर नागपूर महापालिकेकडेही आहे. दर उन्हाळ्यात तशीच मोजणी करून ती जाहीर करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

ज्यांना नागपूरच्या उन्हाची खरी चिंता आहे त्यांनी ५६ सोडून द्यावा आणि ही मोजणी मागावी. ज्यांना सगळा बागुलबुवा वाटतो त्यांनीही हीच मोजणी मागावी, कारण त्यांचे म्हणणे खरे असेल तर तेही तिथेच सिद्ध होईल. दोन्ही पक्षांनी मिळून महापालिकेच्या दारात उभे राहावे असा हा एक मुद्दा आहे, आणि पुढचा नवतपा येण्याआधी तो तडीस गेला पाहिजे.