वीस महिन्यांचे मुख्यमंत्री

१ जुलै उजाडला की आपल्या वाशीम जिल्ह्यात शाळेपासून पंचायत समितीपर्यंत वसंतराव नाईकांच्या तसबिरीला हार चढतो. कृषिदिनच तो, आणि योगायोगाने १९९८ साली आपला जिल्हाही त्याच तारखेला जन्मला. १० मे मात्र भर उन्हाळ्यात येतो. तो सुधाकरराव नाईकांचा स्मृतिदिन, जलसंधारण दिन. कॉलेजला सुटी असते, हार आणायला कोणी नसते.

काका अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री, पुतण्या जेमतेम वीस महिने. २५ जून १९९१ ला सुधाकररावांनी सूत्रे घेतली आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये राजीनामा दिला. पुसद तालुक्यातल्या गहुलीचा हा माणूस. गहुली जिल्ह्याबाहेर असली तरी पोहरादेवीला येणाऱ्या प्रत्येक बंजारा कुटुंबाला ती घरचीच वाटते. आमच्या तांड्यात त्यांचे नाव निघाले की जुनी माणसे एकच वाक्य बोलतात, "आपल्या माणसाला काम करू दिले नाही." मी हे वाक्य लहानपणापासून ऐकत आले आहे. मला ते पुरेसे वाटत नाही, म्हणून हा लेख.

त्या वाक्यात तथ्य नाही असे नव्हे. शरद पवार संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि सुधाकरराव त्यांच्या जागी आले. मंत्रिमंडळात पवारांना मानणारे मंत्री होते. पुढे दोघांत दुरावा आला आणि तो साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. ज्याच्या मंत्र्यांचे कान दुसरीकडे लागलेले, त्या मुख्यमंत्र्याची खुर्ची डगमगणारच.

इतिहासाच्या अभ्यासात मला असाच दुसरा माणूस भेटला, तो अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स. १७९७ ते १८०१ ही त्याची चार वर्षे. वॉशिंग्टनसारख्या थोर पुरुषाच्या मागून तो आला आणि त्याचेच मंत्री त्याने कायम ठेवले. ते मंत्री सल्ला घेत हॅमिल्टनचा, ज्याला त्या मंत्रिमंडळात स्थानच नव्हते! फ्रान्सशी युद्ध करा म्हणून स्वपक्षीयांचा आग्रह होता. अ‍ॅडम्सने तो झुगारून १७९९ मध्ये तहासाठी वकील धाडले, पुढल्या वर्षी विरोधातल्या मंत्र्यांना घरी पाठविले, फ्रान्सशी तह केला आणि निवडणूक हरला. टीकाकारांना तुरुंगात घालणाऱ्या १७९८ च्या कायद्यावर सही करणाराही तोच. तेव्हा तो काही संत नव्हे. पण ऐन निकराच्या क्षणी मंत्री ऐकत नाहीत म्हणून तो थांबला नाही.

इथे माझे आपल्या माणसांशी मतभेद आहेत. ६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पडली आणि मुंबई पेटली. जानेवारीत ती पुन्हा पेटली. दोन्ही वेळची मिळून ९०० माणसे मेली, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने चिथावणी देणाऱ्यांवर ठपका ठेवला तसा राज्यकर्त्यांच्या दुबळेपणावरही ठेवला. राजकीय कारणांसाठी झालेली चालढकल आणि पोलिसांना गेलेले परस्परविरोधी आदेश यांवर आयोगाने बोट ठेवले. जानेवारीतले मोलाचे चार दिवस वाया गेले, असेही त्याने नोंदविले. ते दिवस पक्षातल्या भांडणाच्या खात्यावर मांडून मोकळे होता येईल काय? मला नाही वाटत. गृहस्थ मुळात भित्रा नव्हता. गुन्हेगारीच्या आरोपांवरून स्वपक्षाच्या आमदारांवर टाडा लागला तो याच सरकारच्या काळात. जो तिथे कठोर होऊ शकला, तो जानेवारीत का झाला नाही, हा प्रश्न आपणच विचारला पाहिजे. दुसऱ्यांनी विचारला की आपल्याला तो जातीवरचा घाव वाटतो. एवढे मात्र सांगते की हा आयोग २५ जानेवारी १९९३ ला नेमला तो सुधाकररावांच्याच सरकारने.

आता पाण्याविषयी. १९९२ मध्ये त्यांनी राज्यात जलसंधारणाचे वेगळे खाते उभे केले. तोवर मृदसंधारण एकीकडे, लघुसिंचन दुसरीकडे, वनीकरण तिसरीकडे. एका शिवारातल्या कामासाठी चार दारे. ती कामे एका छपराखाली आणण्याचा विचार गावच्या सरपंचपदापासून वर चढलेल्या माणसालाच सुचावा. "पाणी अडवा, पाणी जिरवा" हे शब्द त्या काळात भिंतीभिंतींवर आले. माथ्यावर समतल चर, उतारावर बांध, खाली माती नाला बांध, असा पाण्याला चालायला शिकविणारा हा कार्यक्रम होता. आपल्या मानोरा-मालेगावकडची जमीन ज्याने पाहिली आहे, त्याला याचे मोल सांगायला नको. पाऊस बरा पडतो, पण उतारावरून पाणी धावत सुटते, आणि मार्चमध्ये बायका हंडे घेऊन निघतात. धरण इथे प्रत्येक गावाला मिळणार नाही. बांध मिळू शकतो.

पण बांधाचे एक आहे. त्याचे उद्घाटन होते, गाळ काढायचा मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही. बांध गाळाने भरला की त्यावरून गुरे पलीकडे जातात आणि पाणीही.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींना माझी एक सूचना आहे. यंदा १० मे ला जे गावी असतील त्यांनी आपापल्या शिवारातला एक जुना नाला बांध शोधावा, तो कोणत्या वर्षी झाला आणि त्यात किती हात गाळ आहे एवढे लिहून आणावे. आणि आपल्या ग्रंथालयाने श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल मागवावा. दोन्ही कागद एकाच कपाटात असावेत.