मुलाचं वजन, मुलाची बुद्धी आणि आपली जीभ

‘जाड मुलं अभ्यासात मागे पडतात’ अशा मथळ्याच्या बातम्या अधूनमधून मोबाईलवर फिरतात. त्या वाचून घरात टोमणे सुरू होतात. पण मूळ संशोधन नेमकं काय सांगतं?

अमेरिकेत ‘एबीसीडी’ नावाचा मोठा अभ्यास सुरू आहे. त्यात ९-१० वर्षांच्या ११ हजारांहून अधिक मुलांची नोंद झाली. त्यातील ३,१९० मुलांच्या माहितीवर आधारित शोधनिबंध २०२० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. ज्या मुलांचा बीएमआय जास्त होता, त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागाचा बाह्यथर सरासरीने थोडा पातळ होता आणि ताबडतोबीच्या स्मरणशक्तीच्या चाचणीत गुण किंचित कमी होते. हा फरक सरासरीचा आहे. त्यावरून एखाद्या मुलाला ‘मंद’ ठरवता येत नाही. शिवाय वजनामुळे विचारशक्तीवर परिणाम होतो, की मन आवरण्याची क्षमता कमी असल्याने खाणं वाढतं, की दोन्हींमागे तिसरंच कारण आहे, हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही.

जनुकांचा संबंध इथेच येतो. वजनाशी जोडलेली अनेक जनुकं मुख्यतः मेंदूत काम करतात आणि भूक, पोट भरल्याची जाणीव यांवर परिणाम करतात. म्हणून वजन आणि विचारशक्ती यांची मुळं काही प्रमाणात एकच असू शकतात. २००७ मध्ये ‘एफटीओ’ जनुकाचा लठ्ठपणाशी संबंध समोर आला. त्याचा धोकादायक प्रकार आई-वडील दोघांकडून मिळालेल्या प्रौढांचं वजन सरासरी ३ किलोने जास्त आढळलं. म्हणजे दोन भावंडांनी एकाच ताटात जेवूनही एकाचं वजन वाढू शकतं. यात त्या मुलाचा गुन्हा काय?

मात्र जनुक म्हणजे ‘तकदीरच अशी’ असंही नाही. २०११ च्या एका एकत्रित अभ्यासात दोन लाखांहून अधिक प्रौढांची माहिती तपासली गेली. शारीरिक हालचाल करणाऱ्यांमध्ये या जनुकामुळे वाढणारा लठ्ठपणाचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी कमी दिसला. मुलांमध्ये असा फरक स्पष्ट दिसला नाही, पण हालचालीची सवय लहानपणीच लागते.

आता आपल्याकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील सुमारे ३६ टक्के मुलं कमी वजनाची आहेत, तर सुमारे ४ टक्के जास्त वजनाची. म्हणजे आपल्यासमोर दोन्ही प्रश्न आहेत, आणि कुपोषणाचा प्रश्न आजही कितीतरी मोठा आहे. शाळा, मग मकतब, मग ट्यूशन. यात खेळायला वेळ कुठे? दाटीवाटीच्या वस्त्यांत मैदान नाही. मुली जरा मोठ्या झाल्या की त्यांचं खेळणंच बंद होतं. भूक लागली की हातात दहा रुपयांचं पाकीट. हे सगळं जनुकांनी ठरवलेलं नाही, आपण ठरवलेलं आहे. आणि जे आपण ठरवलं, ते बदलताही येतं.

पोटाचा एक हिस्सा अन्नासाठी, एक पाण्यासाठी, एक श्वासासाठी, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण मुलांना सांगतो. सूरह अल-हुजुरातमध्ये कुणाला वाईट टोपणनावाने हाक मारण्यासही मनाई आहे, हे मात्र विसरतो. ‘ढोल्या’, ‘जाड्या’ ही हाक आधी घरातूनच बंद व्हायला हवी. वजनाची चिंता वाटली तर डॉक्टरांना दाखवा, पाकिटाऐवजी फळ किंवा चणे द्या आणि मुलगा असो वा मुलगी, रोज तासभर खेळू द्या.