विश्लेषण : ‘ऑडिट’ झाले, पण उघडी दारे कुणी मोजली?

एखाद्या संस्थेतून ग्राहकांची माहिती चोरीला गेली की खुलाशात एक वाक्य हमखास असते, ‘आमचे सुरक्षा ऑडिट नियमित होते.’ ते बहुतेकदा खरेही असते. पण संस्थेचे कोणकोणते सर्व्हर, राउटर आणि लॉगिन पेज थेट इंटरनेटवरून दिसतात, याची पूर्ण यादी ऑडिटच्या वेळी कुणाकडे होती का? माझ्या मते बहुतेकांची गाडी इथेच अडते.

इक्विफॅक्समध्ये काय घडले?

अमेरिकेतील इक्विफॅक्स ही कर्जदारांची पत-माहिती ठेवणारी कंपनी. ‘अपाची स्ट्रट्स’ या सॉफ्टवेअरमधील गंभीर त्रुटी 7 मार्च 2017 रोजी जाहीर झाली, दुरुस्तीचा पॅचही सोबतच आला. 9 मार्चला कंपनीत ईमेल फिरला : 48 तासांत पॅच लावा. 15 मार्चला स्कॅनही झाले आणि त्यात काहीच सापडले नाही.

म्हणजे कागदोपत्री सगळे वेळेत. प्रत्यक्षात ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या पोर्टलवर तीच जुनी आवृत्ती चालू होती. ईमेल ज्यांना गेला त्यांची यादी जुनी होती, आणि कंपनीकडे आपल्या यंत्रणांची परिपूर्ण नोंदही नव्हती. हल्लेखोर मे महिन्यात आत शिरले आणि जुलैअखेरपर्यंत आतच होते. सुमारे 14.7 कोटी लोकांची माहिती गेली. दोन वर्षांनी झालेल्या तडजोडीत किमान 57.5 कोटी डॉलर मोजावे लागले.

हे वाचताना मला माझी पहिली नोकरी आठवते. पत्रकारितेत येण्याआधी वर्षभर मी एका आयटी कंपनीत होतो. तिथे एकदा भलामोठा स्कॅन अहवाल आला आणि आम्ही त्यातल्या लाल ओळी वरून खाली एकेक संपवत गेलो. नंतर कळले, जुन्या ग्राहकासाठी उभारलेला एक टेस्ट सर्व्हर इंटरनेटवर तसाच उघडा होता. अहवालात त्याची एकही ओळ नव्हती. स्कॅनसाठी दिलेल्या यादीत त्याचा आयपी पत्ताच नव्हता!

त्रुटी हजारो, आधी कोणती?

2024 या एका वर्षात जगभरात सुमारे 40 हजार नव्या त्रुटींना ‘सीव्हीई’ क्रमांक मिळाले. सगळ्या दुरुस्त करणे कुणालाच शक्य नाही. त्यामुळे बहुतेक ठिकाणी 10 पैकी किती गुण, यावर क्रम ठरतो. ही सवय सोयीची आहे, पण फसवी. आतल्या, इंटरनेटशी न जोडलेल्या मशीनवरची 9.8 गुणांची त्रुटी थांबू शकते. बाहेरून दिसणाऱ्या व्हीपीएनवरची 7.5 गुणांची त्रुटी, जिचा हल्लेखोर आज वापर करत आहेत, ती थांबू शकत नाही.

अमेरिकेच्या ‘सिसा’ या सायबर सुरक्षा यंत्रणेने नोव्हेंबर 2021 पासून नेमकी अशी यादी ठेवली आहे : प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटींची. 2024 अखेरीस त्यात जेमतेम बाराशेच्या आसपास नोंदी होत्या. ही यादी सर्वांसाठी मोफत खुली आहे. हजारांतून शेकड्यावर येण्याचा याहून सोपा मार्ग मला तरी दिसत नाही.

दुरुस्तीआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा. हे दार उघडे हवेच कशाला? मे 2021 मध्ये कलोनिअल पाइपलाइनवर रॅन्समवेअर हल्ला झाला आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला सुमारे 45 टक्के इंधन पुरवणारी वाहिनी बंद ठेवावी लागली. हल्लेखोर आले ते वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यातून. त्याला पासवर्डशिवाय दुसरी पडताळणी नव्हती. तिथे पॅच लावण्यासारखे काही नव्हतेच; खाते बंद केले असते तरी पुरले असते. राउटर-फायरवॉलच्या व्यवस्थापनाची पाने इंटरनेटवर दिसली तर 14 दिवसांत ती हटवा किंवा त्यांच्यासमोर कडक पडताळणी ठेवा, असे ‘सिसा’ने जून 2023 मध्ये तिथल्या सरकारी खात्यांना बजावले, ते याच विचाराने.

आपल्याकडे काय?

नियम नाहीत असे नाही. सायबर घटना सहा तासांत कळवण्याचे बंधन ‘सर्ट-इन’ने 2022 मध्ये घातले. नागरी सहकारी बँकांनी आयटी साधनांची अद्ययावत नोंदवही ठेवावी, हे रिझर्व्ह बँकेने 2018 पासूनच सांगितले आहे. अडचण अशी की नोंदवही आतून लिहिली जाते आणि हल्लेखोर बाहेरून पाहतो. ‘शोडान’सारख्या सर्च इंजिनवर उघडी पोर्ट कुणालाही शोधता येतात. ज्या वेंडरने वेबसाइट बनवून दिली, त्याचा जुना सर्व्हर बँकेच्या नोंदवहीत नसेल. तिथे मात्र दिसेल. म्हणून दर महिन्याला बाहेरून पाहणी करून ती यादी नोंदवहीशी ताडून बघणे सक्तीचे व्हावे, असे मला वाटते. छोट्या बँकांना खर्च परवडत नाही, हा युक्तिवाद इथे फारसा टिकत नाही. दोन याद्या जुळवायला महागडे उपकरण लागत नाही, एक जबाबदार माणूस लागतो.

सहकारी बँकांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. लाभांश आणि भेटवस्तूंवर तिथे तासभर चर्चा होते. तुम्ही सभासद असाल तर यंदा दोन प्रश्न विचारून बघा : बँकेच्या किती यंत्रणा इंटरनेटवरून दिसतात आणि हा आकडा शेवटचा कधी मोजला?