थॅचर आणि छप्परबंद

मार्गारेट थॅचर हे नाव ऐकले नाही असा माणूस विरळाच. ब्रिटनच्या त्या पहिल्या महिला पंतप्रधान. पण 'थॅचर' या शब्दाचा अर्थ काय, असे विचारले तर बरेच सुशिक्षित लोकही थबकतात. अर्थ अगदी साधा आहे. थॅच म्हणजे गवत, पेंढा किंवा पाणवठ्यावरचे बोरू वापरून शाकारलेले छप्पर. ते शाकारणारा कारागीर म्हणजे थॅचर. मराठीत याला प्रतिशब्द शोधत बसायला नको. आपल्याकडे तो पूर्वीपासून आहे: छप्परबंद.

एकाच हुनराची ही दोन नावे. एक लंडनच्या पंतप्रधान निवासापर्यंत पोहोचले आणि दुसरे पोलिसांच्या वहीत गेले. असे का झाले, हे समजून घेणे मला आपल्या मुलांच्या दृष्टीने महत्त्वाचे वाटते.

आधी इंग्लंडकडे पाहू. जुन्या इंग्रजीत 'थॅच'च्या मूळ शब्दाचा अर्थ नुसता 'छप्पर' असा होता. बहुतेक घरे पेंढ्यानेच शाकारलेली असल्यामुळे पुढे तो शब्द त्या पेंढ्याच्या छपरालाच चिकटला. जर्मन 'डेकर' आणि डच 'डेकर' ही आडनावे याच शब्दाची भावंडे. उत्तर इंग्लंडमध्ये स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या बोलीचा परिणाम झाला आणि तिथे 'थॅकर' हे रूप रुजले. नॉरफोककडे 'थॅक्स्टर' असेही आडनाव सापडते. त्यातला 'स्टर' हा प्रत्यय मुळात स्त्रीकारागिरासाठी वापरला जाई. 'वेब्स्टर' म्हणजे विणणारी, 'बॅक्स्टर' म्हणजे भाजणारी. पुढे ही नावे पुरुषांनाही लागली.

इंग्लंडमध्ये आडनावे फार जुनी नाहीत. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी तो देश जिंकला, तेव्हा सामान्य माणसाला एकच नाव असे. एका गावात पाच जॉन असले की ओळखायचे कसे? मग कुणी टेकडीजवळचा जॉन, कुणी रॉबर्टचा जॉन, तर कुणी छपरे शाकारणारा जॉन. पुढच्या तीन-साडेतीन शतकांत ही ओळख वंशपरंपरेने चालू लागली. १३७७ ते १३८१ या काळात तीनदा डोईपट्टी बसवली गेली. तिच्या याद्यांत लोकांची नावे आणि बऱ्याच ठिकाणी धंदेही लिहिले गेले. बाप थॅचर होता म्हणून मुलगा थॅचर म्हणवू लागला, मग तो स्वतः गाडी हाको की भाकरी भाजो.

आता एक गमतीचा प्रश्न. धंद्यावरून पडलेल्या आडनावांत 'स्मिथ' म्हणजे लोहार हे इंग्लंडमध्ये सर्वांत पुढे आहे. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत स्मिथ आडनावाचे २४ लाखांहून अधिक लोक होते. थॅचर त्यामानाने थोडे. शेतकरी तर गावोगाव होते, तरी 'फार्मर' हे आडनाव स्मिथच्या जवळपासही जात नाही. कारण नाव चिकटते ते वेगळेपणामुळे. सगळा गाव शेती करत असेल तर 'शेतकरी जॉन' म्हणून कोणता जॉन ते कळणार कसे? लोहार मात्र गावात एखादाच, आणि त्याच्याशिवाय कुणाचेच चालत नसे. घर शाकारणे हे काम खेड्यातला मजूर थोडेफार स्वतःच करी. शहरांत तर आगीच्या भीतीने पेंढ्याच्या छपरांवर बंदी येऊ लागली. १२१२ च्या मोठ्या आगीनंतर लंडनमध्ये अशी बंदी घातली गेली.

मार्गारेटबाई जन्माने रॉबर्ट्स. वडील ग्रँथम गावात किराणा दुकान चालवत. थॅचर हे आडनाव नवऱ्याचे, आणि नवरा उद्योजक. १९७९ ते १९९० अशी अकरा वर्षे त्या पंतप्रधान होत्या. त्यांच्या धोरणांवर कडाडून टीका झाली. खाणकामगारांचा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही. किराणा दुकानदाराची मुलगी म्हणून हिणवणारेही होते, कारण इंग्लंडात वर्गाचा माज कमी नाही. पण आडनावावरून त्यांची पायरी ठरली नाही. सगळे थॅचर मिळून तिथे एक बिरादरी झाली नाही. थॅचरच्या मुलीने थॅचरच्याच घरात जावे असा दंडक नव्हता. नाव गोठले, पण माणूस गोठला नाही.

आता आपल्याकडे या. छप्परबंद ही दख्खनमधली प्रामुख्याने मुस्लिम बिरादरी. मोगल फौजांबरोबर राहून छावण्यांत गवताची छपरे उभारणारे ते छप्परबंद, असे परंपरेने सांगितले जाते. फौजा गेल्या तशी रोजीही गेली. इंग्रज अंमलदारांनी त्यांच्यावर खोटी नाणी पाडणारे असा शिक्का मारला. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि १९११ मध्ये त्याची व्याप्ती वाढवली गेली. या कायद्याने अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या. नाव नोंदवा, हजेरी द्या, गाव सोडताना परवानगी घ्या! कुणी खोटे नाणे पाडले असेल तर त्याला शिक्षा व्हावी, पण पाळण्यातल्या पोराने काय केले होते? ज्या देशात थॅचर हे नुसते आडनाव होते, त्याच देशातून आलेल्या राज्यकर्त्यांनी इथे छप्परबंद हा गुन्हा ठरवला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंद हे नाव मुस्लिमांसह आजही आहे.

शाळेत प्रवेशाच्या दिवसांत मी एक गोष्ट दरवर्षी पाहतो. अर्जात जातीचा रकाना आला की काही पालकांचा आवाज खाली येतो. "सर, नुसतं शेख लिहा ना." हे पालक पिंजारी असतात, शिकलगार असतात, कधी छप्परबंद असतात. मी त्यांना दोष देत नाही. ज्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या हेटाळणी झाली, ते पोराच्या कपाळी नको असे आईबापाला वाटणारच. आडनाव काय लावायचे हा त्यांचा हक्क आहे. शेख लावा, खान लावा. पण जातीच्या रकान्यात खरे तेच लिहा, असा माझा आग्रह असतो. जातीच्या दाखल्यासाठी विमुक्त जातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो बहुतेक वेळा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदवहीत सापडतो. तिथे छप्परबंद आणि नातवाच्या दाखल्यावर नुसते शेख असले, तर हक्काची शिष्यवृत्ती मिळवताना हेलपाटे नातवालाच घालावे लागतात.

दुसरी गोष्ट इज्जतीची. आपल्याच इतिहासात डोकावून पाहा. उमर खय्याम यांच्या नावातला खय्याम म्हणजे तंबू बनवणारा. मन्सूर हल्लाज यांच्या नावातला हल्लाज म्हणजे कापूस पिंजणारा, म्हणजे आपल्या भाषेत पिंजारी. फरीदुद्दीन अत्तार यांचे अत्तार आपल्या पेठांत जसेच्या तसे आजही आहे. ही नावे आपण अदबीने घेतो. मग शेजारच्या पिंजाऱ्याचे नाव घेताना सूर का बदलतो? इस्लाममध्ये जात नाही असे व्यासपीठावरून सांगणारेच सोयरीक जमवताना आधी बिरादरी विचारतात. पालकांचा आवाज खाली येतो तो केवळ इंग्रजांच्या कायद्यामुळे नाही, आपल्यामुळेही येतो.

थॅचर या आडनावाकडून शिकण्यासारखे एवढेच आहे. नाव बदलल्याने ओझे उतरत नाही. नावावरून माणसाचे काम, त्याची पायरी आणि त्याचे सोयरे ठरवणे थांबले की ओझे आपोआप उतरते. छप्परबंदाच्या मुलीला डॉक्टर व्हायचे असेल तर तिच्या दाखल्यावर तिची खरी नोंद असावी, शिष्यवृत्ती वेळेवर हातात पडावी, आणि तिचे स्थळ सांगून आले तर आपल्या घरात कुणी तोंड वाकडे करू नये. पहिली दोन कामे सरकारची आणि शाळेची. तिसरे आपले, आणि त्यासाठी कुठल्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.