घाटघरचं पाणी पुन्हा वर चढतं

समुद्राच्या लाटांपासून वीज करण्याचा प्रयोग केरळात विळिंजमला १९९१ मध्ये सुरू झाला. आयआयटी मद्रासचं ते १५० किलोवॅटचं संयंत्र बरंच शिकवून गेलं. पण लाटेचा जोर ऋतूगणिक बदलतो, खारं पाणी लोखंड खातं आणि युनिट महाग पडतं. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्याला तर समुद्रच नाही. तरी त्याच अरबी समुद्राचं पाणी ढगांतून अकोले तालुक्यात घाटघरला कोसळतं. आषाढात तिथल्या कड्यावर उभं राहावं: धुकं गालावरून ओघळतं, खालचं कोकण दिसत नाही. त्या डोंगराच्या पोटात २५० मेगावॅटचं वीजघर आहे. मागणी वाढली की वरच्या धरणाचं पाणी सुमारे ४०० मीटर खाली, पायथ्याच्या चोंढे गावाकडे सोडायचं. वीज उरली की तीच यंत्रं उलटी फिरवून ते पुन्हा वर चढवायचं. यात मिळते त्याहून जास्त वीज खर्ची पडते, तरी परवडतं, कारण ऐन गरजेला वीज हाती येते. लाटांवरचं संशोधन थांबू नयेच. पण सह्याद्रीतल्या अशा जागा सरकारने आधी हाती घ्याव्यात, आणि ज्यांची जमीन त्यात जाईल त्यांच्या घरातला दिवा आधी लावावा.