समुद्रातले सूक्ष्मजीव, आकाशातले ढग

समुद्रावरून उठणाऱ्या कणांत नुसते मीठ नसते. लाटा फुटताना बुडबुडे फुटतात आणि पृष्ठभागावरचा सेंद्रिय थर, जिवाणू, विषाणू हवेत उडवतात. याशिवाय वनस्पतिप्लवकांच्या पेशींतील एका गंधकयुक्त संयुगापासून, जिवाणूंच्या मदतीने, डायमिथाइल सल्फाइड हा वायू तयार होतो. हवेत त्याचे सल्फेटचे कण बनतात आणि अशा कणांवर बाष्प साचून ढगांचे थेंब धरतात. प्लवक याच साखळीतून हवामानाचे नियमन करतात, असे गृहीतक चार्लसन, लव्हलॉक, आंद्रेए आणि वॉरन यांनी १९८७ मध्ये मांडले. नियमनाचा दावा पुढे वादात सापडला. कणांचे महत्त्व कायम आहे.

बुलढाणा जिल्ह्यापासून समुद्र दूर. तरीही इथल्या कपाशी-सोयाबीनला भिजवणारा मोसमी पाऊस समुद्रावरूनच येतो, म्हणून हा विषय या अंकासाठी निवडला. सूक्ष्मजीवांची किमया जिल्ह्याने प्रत्यक्ष पाहिली आहे: जून २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत तो रंग क्षारप्रेमी हॅलोआर्कियांचा निघाला. पाणी आटून खारटपणा वाढला होता. सरोवरातले जीव हवेत किती आणि कसे पोहोचतात, हाही समुद्राइतकाच मोलाचा प्रश्न आम्हाला वाटतो. अंकातले लेख समुद्रापासून सुरू होऊन लोणारच्या काठावर येतात. लोणार परिसरातील शिक्षक, विद्यार्थी आणि शेतकऱ्यांनी पाण्याच्या व आभाळाच्या आपल्या नोंदी आम्हाला जरूर कळवाव्यात.